बायकोचा स्कार्फ
अमेरिकेतल्या आमच्या काउंटीत सार्वजनिक जागी तोंड झाकून फिरायला बंदी आली, तेव्हा माझी बायको दम्याच्या मोठ्या अटॅकमधून नुकतीच उठली होती. आजारी माणसांना कायद्यात सूट होती. ओळख लपवायचा हेतू दिसला तरच पोलीस अडवणार, असं सगळे सांगत होते. पण कुणाला काय दिसेल, याची खात्री कोण देणार? आमचं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं. मला स्पीडिंगच्या तिकिटाचीही धास्ती.

वसंतात इथे परागकणांचा पिवळा थर गाड्यांवर बसतो. रोज चाला, पण नाकतोंड झाकून, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. मास्कच्या इलॅस्टिकने तिचे कान सोलवटतात. म्हणून ती पुण्यात स्कूटरवर बांधायची तसाच सुती स्कार्फ बांधते. कपाळ, नाक, तोंड सगळं झाकलेलं, मागे घट्ट गाठ, फक्त डोळे उघडे.

"हे बघून कुणीही घाबरेल," मी म्हणालो.

"तूच घाबरतोस. बँक लुटायला चाललेय का मी? कॉलेजात तर स्कार्फ बघून दुसऱ्याच मुलीच्या स्कूटरवर बसायला निघाला होतास."

"तेव्हा व्हिसाचं टेन्शन नव्हतं."

"अरे, विचारलं तर सांगेन. मला बोलता येतं."

तरी मी रोज तिच्याबरोबर जाऊ लागलो. सोबत म्हणून, असं म्हणायचो; खरं तर पहारा द्यायला. चालताना मनात इंग्रजी वाक्यं घोकायचो.

एका रविवारी शाळेच्या कुंपणापाशी पोलिसांची गाडी मागून आली आणि आमच्या शेजारी हळू झाली. घोकलेलं सगळं विसरलो.

"काढ तो," मी पुटपुटलो.

"थांब जरा, काही होत नाही."

मी नाकावरचा स्कार्फ धरून खाली ओढला. गाठ सुटली नाही. तिची मान हिसक्याने पुढे आली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

पोलीस उतरला. त्याची नजर स्कार्फवर नव्हती, माझ्या हातावर होती. मला मागे व्हायला सांगून त्याने तिला हळू आवाजात विचारलं, "मॅम, आर यू सेफ?"

तिला बोलता येत नव्हतं. ती खोकत राहिली आणि मी हात वर धरून उभा राहिलो. लाज वाटते लिहायला, पण तेव्हा मला तिच्या श्वासाची काळजी नव्हती. ती काय उत्तर देते, याची होती.

इनहेलर ओढून ती म्हणाली, "ही इज माय हजबंड. ही गॉट स्केअर्ड."

"ऑफ व्हॉट?" त्याने विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

आता ती एकटीच जाते. मी खिडकीत उभा असतो, आणि पोलिसांची गाडी दिसली की दारापर्यंत जाऊन परत येतो. परवा ती आरशासमोर स्कार्फ बांधत होती. गाठ मारून द्यावी म्हणून मी मागून हात पुढे केला. तिने नकळत मान चुकवली.

"राहू दे," ती म्हणाली. "जमतं मला."