अरबाबांचं रिव्हॉल्वर आणि माझी कणीक

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. इतकं नेमकं आठवतं, कारण मंगेशच्या दुधाची वेळ अकराची. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून त्याने खोली डोक्यावर घेतली होती. माझे हात कणकेत, पाय पाळण्याच्या दोरीला. आणि दारात आमचे अरबाब उभे!

बहारीनमध्ये किस्से धुळीसारखे साचतात. सकाळी झाडून काढा, दुपारी खिडकीत पुन्हा थर. त्यातले हे सगळे एकाच वस्तूचे. ऐंशी साल उजाडायच्या आधीचे. मी सातवी शिकलेली बाई, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

अरबाब म्हणजे मालक. त्यांचं नाव अबू सालेम. आमचे हे सुतार, देवगडकडचे, त्यांच्या फर्निचरच्या दुकानात कामाला. रिफाला अरबाबांच्या बंगल्यामागे आम्हाला एक खोली दिलेली. अरबाब तरुणपणी मोत्यांच्या धंद्यासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी एकदम फाडफाड.

तर त्यांनी एका अमेरिकन इंजिनियरकडे मोठ्या नळीचं रिव्हॉल्वर बघितलं. झालं! "मला ह्याहून जाड पाहिजे," म्हणाले आणि अंगठा दाखवला. "इतकं!" अमेरिकेत एक म्हातारा कारागीर होता. एका वेळी एकच रिव्हॉल्वर करायचा, तेही गिऱ्हाइकाच्या मापाने. त्याला ऑर्डर गेली.

त्यांची बायको उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, एवढंच म्हणाली, "हातात मावणार नाही ते घ्यायची ह्यांना जुनीच सवय आहे."

* * *

त्या सकाळी अरबाबांच्या हातात कारागिराचं पत्र होतं. मागे आमचे हे आणि दुकानाचे अकाउंटंट, पुण्याचे कुळकर्णी भावोजी. इंग्रजी पत्रं तेच वाचायचे.

"वहिनी, त्याला हाताचा ठसा हवाय. मूठ त्या मापाने करणार."

आमचे हे म्हणाले, "अरबाब, दुकानातून प्लास्टर घेऊन येतो. अर्ध्या तासात."

"अर्धा तास? यल्ला, आत्ता!" अरबाबांची नजर माझ्या परातीवर गेली. मी काही बोलायच्या आत त्यांनी कणकेचा गोळा उचलला आणि असा काही आवळला, की बोटांमधून कणीक बाहेर! "खलास! झाला ठसा!"

आठ चपात्यांची कणीक होती हो!

तो गोळा गच्चीवर वाळत घातला. चिमण्या खातील म्हणून मंगेशला मांडीवर घेऊन मी राखणीला बसले. तिथलं ऊन ते! दोन दिवसांत गोळ्याचा दगड झाला. ह्यांनी वर वार्निश मारलं आणि मंगेशच्या दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात घालून भावोजींनी तो अमेरिकेला पाठवला.

उत्तर आलं. भावोजींनी वाचून दाखवलं, "ठसा मिळाला. उत्तम आहे. फक्त एक शंका, गिऱ्हाइकाचं वय किती?"

अरबाब खूष. "बघा, किती अदबीचा माणूस! लिही, पन्नास पूर्ण!"

* * *

मग परवाना. अरबाब चार महिने ऑफिसं फिरत होते. एका साहेबाने विचारलं, "एवढं मोठं कशाला हवं?"

"शिकारीला. पक्षी मारायला."

साहेबाने कागदावरचं नळीचं माप बघितलं, अरबाबांकडे बघितलं. म्हणाला, "अबू सालेम, पक्षी मारल्यावर खायला काय उरणार? पिसं?"

पण शिक्का मारला हो त्याने. बहुतेक त्यालाही बघायचं होतं!

* * *

ऑर्डर दिली तेव्हा मंगेश पाळण्यात होता. रिव्हॉल्वर मुहर्रकच्या विमानतळावर उतरलं तेव्हा भिंत धरून उभा राहायला लागला होता. माझ्या जिवाला घोर लागला तो तिथून.

कारण पेटी उघडली, अरबाबांनी मोठ्या थाटात मूठ धरली, आणि तीन बोटं बाहेर! वाळून कणीक आक्रसली होती ना. बिचाऱ्या कारागिराने अगदी ठशाबरहुकूम मूठ केली होती.

अरबाबांनी ते ह्यांच्या हातात दिलं, बसेना. भावोजींच्या हातात, बसेना. शेवटी म्हणाले, "बहन, तू धर." मी नको नको म्हणतेय, तर हातात ठेवलंच. बांगडी भरावी तशी मूठ बसली!

भावोजी म्हणाले, "वहिनी, अभिनंदन! तुमच्यासाठी अमेरिकेहून आलंय!"

मी घामाघूम. ते वजन तरी केवढं! पाटा उचलल्यासारखं. मी ते कसंबसं खाली ठेवलं आणि आधी मंगेशला उचललं.

* * *

आता नवी मूठ ह्यांनीच करायची ठरली, सागवानाची. गोळ्या बंगल्यात कुलपात. पण रिव्हॉल्वर? उम्म सालेमने अरबाबांना उंबऱ्यातच अडवलं. "ते आत आलं तर मी माहेरी!" दुकानात ठेवायची सोय नाही. म्हणून आलं आमच्याकडे, खाटेखालच्या ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत!

"अहो, पोर चालायला लागलंय," मी म्हणायची.

"गोळ्या कुठे आहेत त्यात? रिकामं आहे ते."

"यंत्राचा काय भरवसा? विहीर पण रिकामी म्हणून पोर पाठवाल काय आत?"

हे मूठ घासायला बसले. पण मूठ काही लवकर होईना. अरबाब रोज येऊन हात लावून बघणार आणि सांगणार, "अजून थोडं घास." घासलं की, "जास्त झालं."

तेवढ्यात आली खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. ह्यांनी करवत, रंधा, पटाशा मांडल्या. मी म्हटलं, पेटीतलं एक वगळलं तर तेच उलटायचं. त्यालाही हळदकुंकू लावलं, उम्म सालेमच्या बागेतला मोगरा वाहिला, हात जोडले, "बाबा, माझ्या पोराला सांभाळ."

डोळे उघडते तर दारात अरबाब! माझी पाचावर धारण. त्यांच्या रिव्हॉल्वरला कुंकू! आता व्हिसा कॅन्सल, उद्याच्या विमानाने देवगड!

"हे काय केलंस?" त्यांनी ह्यांना विचारलं.

हे चाचरत म्हणाले, "अरबाब, आमच्यात असं करतात. म्हणजे हत्यार घरच्या माणसाला इजा करत नाही."

अरबाब विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "एक काम कर. थोडं उम्म सालेमच्या जिभेलाही लाव."

* * *

पण जे व्हायचं ते झालंच. एका दुपारी मी बांगडे तळत होते. हे मुठीला पॉलिश करता करता हात धुवायला उठले. मी तव्यावरचा मासा उलटला आणि मागे वळले.

मंगेश जमिनीवर फतकल मारून बसलेला. मांडीवर ते धूड. एका हातात वरणभाताची वाटी, आणि पठ्ठ्या एकेक घास नळीत भरतोय! वर रिव्हॉल्वरलाच सांगतोय, "आ कर! आ!"

मी किंचाळले. हे धावत आले, त्यांनी ते काढून घेतलं. नंतर तासभर गजाला चिंधी बांधून वरणभात काढत बसले होते. आजतागायत त्या रिव्हॉल्वरमध्ये कुणी काही भरलं असेल, तर ते तेवढंच.

त्यांना हसू आलं. मला नाही. मी ढसाढसा रडले. म्हटलं, "आता एक तर ते राहील इथे, नाहीतर मी आणि माझं पोर!" आणि मंगेशला काखोटीला मारून, चपला न घालता, तापलेल्या अंगणातून थेट बंगल्यात.

उम्म सालेमला हिंदी बेताचंच, मला अरबी मफी, म्हणजे शून्य. पण तिलाही सहा पोरं. मी मंगेशकडे बोट दाखवलं, नळी दाखवली, तोंडात घास भरवून दाखवला. तिला सगळं कळलं. तिने ह्यांना रिव्हॉल्वर घेऊन बोलावलं.

"ह्यातलं काय काढलं की हे नुसतं लोखंड?"

ह्यांनी गोळ्या भरायचं गोल चक्र सोडवून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते डोळ्यांसमोर धरलं. भोकं एवढी मोठी, की पलीकडून तिचा अख्खा डोळा दिसत होता. मग तिने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, त्याची दोरी एका भोकातून ओवली, गाठ मारली आणि जुडगा परत कमरेला!

मला म्हणाली, "उम्म मंगेश, जा. खुशाल झोप."

* * *

राहिलेलं रिव्हॉल्वर अरबाबांनी बैठकीच्या भिंतीवर लावलं, ह्यांनीच केलेल्या सागवानी फळीवर. एकदा मुहर्रकहून त्यांचे जुने मोतीवाले दोस्त आले. हे तिथे कपाटाची बिजागरी बसवत होते. मी पडद्याआड, उम्म सालेमला कॉफीचे पेले भरून देत होते.

एका दोस्ताने भिंतीकडे निरखून बघितलं. "अबू सालेम, मधे हे खिंडार कसलं? चक्र कुठाय?"

उम्म सालेम कॉफीचं तबक उचलायला वाकली आणि पडद्यामागे जुडगा वाजला. खळ्ळ!

अरबाब जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाले, "चक्र? ते अमेरिकेला गेलंय! पॉलिशला!" मग ह्यांच्याकडे वळून, "सांग रे, गेलंय की नाही?"

"गेलंय, अरबाब," हे बिजागरीकडे बघत म्हणाले.

"ऐकलंत? मुहर्रकला जाल तेव्हा सगळ्यांना सांगा. शेजारच्या अराद गावातही सांगा. पॉलिशला गेलंय!"