घरचा वाफा

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. देवापुढं हात जोडले तरी तिथंही भलतंच काहीतरी मागत राहते — हे तेवढं ओठांवर येत नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरून आज बोलते.

लासुर्ण्याजवळ आमचं रान. ऊस होताच, पण कडेच्या तुकड्यात मी वांगी लावायचे. पंचाण्णवच्या आसपासची गोष्ट. वांग्याला अळी लागते, फवारल्याशिवाय माल धड निघत नाही. दुकानदारानं बजावलं होतं — औषध मारल्यावर काही दिवस तोडायचं नाही. आम्ही संध्याकाळी मारायचो आणि सकाळी तोडायचो. ओल्या फडक्यानं पुसून पाट्या बारामतीच्या बाजाराला. वांगी कशी चकाकायची!

आणि आम्ही काय खायचो? गोठ्यामागं एक वाफा होता. त्याला फवारणीचा पंप कधी लागला नाही. त्यातली वांगी वाकडी, किडकी; अळीचा भाग कापून टाकायचा नि उरलेलं आमच्या ताटात. 'घरचा वाफा' म्हणायचो आम्ही त्याला. मग बाकीची वांगी ज्यांच्या घरात शिजायची, ती माणसं आमची कोण होती? हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पडला होता. मी तो पुसून टाकायचे, वांग्यांसारखाच.

वर गावात सांगायचे, की मी औषध मारतच नाही, नुसता कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडते. बायकांच्या बैठकीत उभी राहून बोलायचे — जमीन जपा, लेकरांच्या पोटात विष घालू नका. बायका माना डोलवायच्या. आणि मला — शी! — मला ते आवडायचं.

शेवंता माझी शेजारीण. बांधाला बांध, जिवाला जीव. तिची लेक नंदा सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरीला अन्न जात नव्हतं. एक दिवस तिनं भरल्या वांग्यांची आठवण काढली नि शेवंता धावत माझ्याकडं आली.

"सुमन, भाईरचं काय बी देत न्हाय मी तिला. तुझं बिनऔषधाचं हाय म्हणून आले."

त्या दिवशी घरच्या वाफ्यात मोजकीच वांगी होती. माझा भाऊ जेवायला यायचा होता. तुम्ही काय केलं असतं? — नको, हे विचारायचा मला हक्क नाही. मी सकाळी तोडलेल्या पाटीतली दिली. आदल्या संध्याकाळी फवारलेली. निवडून निवडून दिली, चांगली दिसणारी. शेवंता पदरात घेऊन हसत गेली.

त्याच दिवशी तिनं पळसदेवकडून आलेली चिलापी मासळीही रांधली होती. लेकीनं दोन्ही खाल्लं.

दिवस मावळायच्या आत नंदाला उलट्या सुरू झाल्या. घाम, तोंडातून लाळ, हातपाय थरथरत होते. जीप करून बारामतीला नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लाळेनं माझं लुगडं भिजलं, आणि मला तिची नाही, माझी किळस येत होती. तरी तोंड उघडलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. फवारलेलं काही खाण्यात आलं का, म्हणून विचारलं.

शेवंता ताडकन म्हणाली, "न्हाय डाक्टर. भाजी हिच्या रानातली हाय. ही औषध मारतच न्हाय. इचारा की हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. एवढंच. शब्दसुद्धा खर्चला नाही मी.

पोर वाचली. पोटातलं वाचलं नाही. वरकुट्याहून तिची सासू आली, ती तिथंच शेवंताच्या अंगावर गेली — "पोटुशी पोरीला मासं चारलंस व्हय गं!" नंदाला ते घेऊन गेले आणि पुन्हा कधी माहेरी पाठवलं नाही. पुढची बाळंतपणंही तिकडंच झाली. शेवंताला नातवंडं दुसऱ्यांच्या तोंडून कळायची.

नक्की कशानं झालं ते कोण सांगणार — असं मी स्वतःला कितीदा तरी म्हटलंय. पण डॉक्टरांनी विचारलं होतं ना? त्यांना खरं कळलं असतं तर वेळेवर काही करता आलं असतं का? ते कळायची वाट मीच बंद केली. आणि पुढच्या बाजाराला माझ्या पाट्या गेल्याच.

शेवंतानं मासं सोडलं. खुरपताना एकदा हात थांबवून तिनं विचारलं, "सुमन, खरं सांग. माझं मासं शिळं हुतं का गं?"

"असंल बाई," मी म्हणाले. "कुणाला काय कळतंय."

असंल बाई! तिच्या अंगावर दुसऱ्यांनी टाकलेलं ओझं मी माझ्या हातानं नीट बसवून दिलं. ती पुन्हा खाली वाकून खुरपू लागली.

काही वर्षांनी शेवंता कावीळ होऊन गेली. नंदा मातीला आली. सगळ्या बायका सोडून ती माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "मावशी, आईला मी शेवटपर्यंत माफ केलं न्हाय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नगं," म्हणाले. "माणसाच्या हातनं हुतं कधी कधी."

नंदानं डोळे पुसले आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.