न विचारता भरलेलं तिकीट

मुलीने पोलिसाने दिलेलं ते दंडाचं तिकीट फ्रिजवर लावलं होतं, मॅग्नेटखाली, सगळ्यांना दिसेल असं. लपवायचं असतं तर तिने लपवलं असतं, एवढा साधा विचारही तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. आदल्या संध्याकाळी ती दारातूनच सांगत आली होती, "आई, आय गॉट पुल्ड ओव्हर. स्पीडिंग. आत्ता ओरडू नकोस, नंतर बोलू." पाच मिनिटांत कपडे बदलून ती ॲम्ब्युलन्सच्या ड्यूटीला निघूनही गेली. ओरडायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून मी भांड्यांची आदळआपट केली.

ती तेव्हा नुकतीच एकवीस वर्षांची झाली होती. आम्ही पार्सिपनी नावाच्या गावात राहतो आणि तिचं कॉलेज जवळच आहे, त्यामुळे ती घरीच असते. दोन वर्षांपासून ती टाउनच्या ॲम्ब्युलन्स स्क्वॉडमध्ये काम करत होती. पगार नाही, सगळे हौसेने येतात. ती मागच्या भागात पेशंटजवळ बसायची, रक्तदाब बघायची, म्हाताऱ्या माणसांचा हात धरायची. गाडी चालवायला मात्र एकवीस पूर्ण लागतात, स्क्वॉडच्या इन्शुरन्सची तशी अट आहे. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तिने ड्रायव्हरच्या ट्रेनिंगला नाव दिलं होतं. केकपेक्षा तिला त्याचाच आनंद जास्त झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरूनच एक कंटाळवाणी मीटिंग चालू असताना मी ते तिकीट फ्रिजवरून काढलं आणि भरून टाकलं. ऑनलाइन. तिकिटाचा नंबर टाकायचा आणि गाडीचा नंबर टाकायचा, तो मला पाठच होता, गाडी माझ्याच नावावर आहे. मग एक मोठा मजकूर आला, खाली एक चौकोन आला, त्यात टिक केली, कार्डाचा नंबर दिला आणि झालं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोकांनी न वाचता कुठे टिक केली की काय बिघडतं, हे शोधायचा मला पगार मिळतो. त्या चौकोनावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही.

मला वाटलं होतं, लवकर भरलं की लवकर मिटतं. इन्शुरन्सवाल्यांना कळायच्या आत प्रकरण बंद. शिवाय तिकिटावर कोर्टाची तारीख छापलेली होती आणि ती मला नकोच होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मी नागपूरला बाबांच्या तोंडून रोज ऐकत मोठी झाले. एका सामाईक भिंतीपायी त्यांनी सतरा वर्षं तारखा केल्या होत्या. शेवटी भिंत आपोआप पडली आणि खटला तसाच उभा राहिला. इकडे आल्यावर त्यात व्हिसाची भर पडली. प्रत्येक फॉर्मवर पोलीस, कोर्ट, गुन्हा असले प्रश्न आणि प्रत्येक ठिकाणी 'नाही' लिहिताना उगाचच धास्ती वाटायची. ग्रीन कार्ड येऊन आता बरीच वर्षं झाली, पण ती धास्ती काही गेली नाही.

नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस." मुलीला सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही, मी मुद्दाम टाळलं. ती आपणहून विचारेल आणि मग जरा मोठेपणा मिरवता येईल, असा माझा बेत होता.

दहा दिवसांनी तिने विचारलं. "आई, फ्रिजवरचं माझं तिकीट कुठे आहे? पुढच्या आठवड्यात कोर्ट आहे."

"कशाचं कोर्ट? मी भरलं ते कधीच."

ती फ्रिजचं दार उघडं धरून तशीच उभी राहिली. "व्हॉट डू यू मीन, भरलं?"

"भरलं म्हणजे भरलं. पैसे मागू नकोस म्हणजे झालं."

तिने दार लावलं. ती चिडली की आवाज चढतो, हे मला माहीत आहे. त्या दिवशी आवाज चढलाच नाही, खाली गेला. "आई, पैसे भरणं म्हणजे गिल्टी म्हणणं असतं. यू प्लेड गिल्टी. फॉर मी. त्याचे लायसन्सवर चार पॉइंट्स लागतात. फोर."

"मग? असतात लोकांना पॉइंट."

"स्क्वॉडच्या इन्शुरन्सला चालत नाहीत. तीनच्या वर पॉइंट्स असले तर ते ड्रायव्हर म्हणून कव्हर करत नाहीत. मी कोर्टात जाऊन सरकारी वकिलाशी, प्रॉसिक्यूटरशी बोलणार होते. सगळे तेच करतात. माझं रेकॉर्ड क्लीन होतं, त्यांनी आरोप कमी करून दिला असता." मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच ओटा पुसावासा वाटला. "मला विचारलंस का नाही?"

मी काय म्हणाले ते लिहायलाही लाज वाटते. मी म्हणाले, "आधी सावकाश चालवायचं होतं."

ती खोलीत गेली. मी तो ओटा तीनदा पुसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी इन्शुरन्सवाल्या काकांकडे गेले. आमच्या भागातल्या अर्ध्या मराठी घरांच्या गाड्या त्यांच्याकडे आहेत. दुकानांच्या रांगेत त्यांचं छोटं ऑफिस आहे आणि तिथे चहा मिळतो. त्यांनी कॉम्प्युटरवर आमचं खातं उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच बघ. अगं, पहिलं तिकीट कधी गुपचूप भरतात का?"

"मला वाटलं, लवकर भरलं की कळणार नाही."

"उलटं आहे. भरलं की गुन्हा कबूल. कबूल केला की स्टेटच्या रेकॉर्डवर पॉइंट. पॉलिसी रिन्यू करताना कंपनी ते रेकॉर्ड मागवते आणि त्याला स्वतःचा हिशेब लावते. स्टेटचे पॉइंट वर्षभर नीट चालवलं तर कमी व्हायला लागतात. कंपनी मात्र साधारण तीन वर्षं मागचं बघते. तुमच्या घराची पॉलिसी एकच, म्हणजे चालवलं एकाने आणि प्रीमियम वाढणार सगळ्यांचा."

"आमचं वाढू दे हो काका. ॲम्ब्युलन्सचं काय?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. त्यांच्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी याच स्क्वॉडने हॉस्पिटलात नेलं होतं. "तिथे माझं काही चालत नाही. त्यांची कंपनी वेगळी, अट वेगळी. एकच रस्ता आहे. कोर्टाला अर्ज करायचा, की कबुली तिने दिलेलीच नाही, परत ऐका. पण मग ज्याने भरलं त्याला जज्जसमोर उभं राहून सांगावं लागेल. आणि जज्ज नाही म्हणाले तर संपलं."

म्हणजे मलाच. सतरा वर्षं बाबा ज्या पायरीला शिव्या देत होते, तिथे मीच माझ्या पायांनी जायचं होतं.

अर्ज दिला. तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. ते पाच आठवडे आमच्या घरात भयंकर शांतता होती. मुलगी माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. "दूध संपलंय." "आज लेट होईल." स्क्वॉडने तिचं ट्रेनिंग थांबवून ठेवलं होतं, निकाल लागेपर्यंत. ड्यूटीला ती जात होतीच, मागच्या भागात बसायला. एकदा रूट दहावर माझ्या मागून सायरन आला. मी गाडी कडेला घेतली आणि ॲम्ब्युलन्स बाजूने गेली. स्टिअरिंगवर कोणी तरुण मुलगा होता. ती मागे असणार, तिची ड्यूटी होती त्या दिवशी. सायरन ऐकू येईनासा झाला तरी मी तिथेच कडेला बसून होते. मला स्वतःचा इतका राग आला होता की गाडी सुरू करायची हिंमत झाली नाही.

नवरा म्हणाला, "जज्जला आपलं बॅकग्राउंड सांग. व्हिसाची भीती, बाबांची केस. समजून घेतील." मी ते सगळं इंग्रजीत लिहून काढलं, पाठ केलं, आंघोळ करताना म्हणून बघितलं. चांगलं जमलं होतं. ऐकणाऱ्याला माझी कीव आली असती.

कोर्ट पोलीस स्टेशनच्याच इमारतीत होतं आणि त्याला एकही पायरी नव्हती. सरकतं दार आणि सपाट फरशी. आत तीस-चाळीस माणसं बसली होती, बरीचशी आमच्यासारखीच, हातात कागद धरून. मुलगी माझ्या शेजारी बसली, पण मध्ये तिने बॅग ठेवली होती. आमचं नाव येईपर्यंत दीड तास गेला आणि तेवढ्या वेळात मी माझं भाषण चार वेळा विसरले.

जज्ज बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी मुलीला विचारलं, पैसे तू भरलेस का? नाही. भरायला सांगितलंस का? नाही. कधी कळलं? दहा दिवसांनी. मग मला पुढे बोलावलं, हात वर करून शपथ घ्यायला लावली. मी हात भलताच उंच धरला.

"हे तिकीट तुम्ही भरलंत?"

"येस, युवर ऑनर."

"मुलीला न विचारता?"

"येस."

"ती तुम्हाला म्हणाली होती का, की ती दोषी आहे?"

"नो, युवर ऑनर."

"तुम्ही तिला विचारलं होतं का?"

माझं भाषण इथेच सुरू व्हायचं होतं. बाबा, भिंत, व्हिसा. पण प्रश्न त्यातल्या कशाबद्दलच नव्हता. ती कुठल्या रस्त्यावर होती, किती स्पीडने होती, पोलीस काय म्हणाला, ती घाबरली का, यातलं काही मी विचारलं नव्हतं. त्या दिवशी नाही, त्या दहा दिवसांत नाही आणि नंतरच्या पाच आठवड्यांतही नाही.

"नो," मी म्हणाले. "आय नेव्हर आस्क्ड. आय जस्ट अझ्यूम्ड."

जज्जबाईंनी काहीतरी लिहिलं. लिहायला फार वेळ लावला. मग म्हणाल्या की जी कबुली त्या मुलीने दिलीच नाही, ती तिची धरता येणार नाही. केस पुन्हा उघडली. भरलेले पैसे परत मिळतील. आता तिने स्वतः बोलावं.

प्रॉसिक्यूटर तिला बाहेरच्या बाकावर घेऊन गेला. मीही उठले, तर तिने मान हलवून मला बसवलं. काचेतून मला दोघं दिसत होती. तो कागद उलटत होता आणि ती मोठ्या बाईसारखी सरळ बसून उत्तरं देत होती. रेकॉर्ड खरंच स्वच्छ होतं. त्याने आरोप बदलून असुरक्षित चालवण्याचा साधा आरोप ठेवला, दंड आधीपेक्षा बराच जास्त, पण पॉइंट एकही नाही. जज्जसमोर तिला विचारलं, त्या दिवशी तू सुरक्षितपणे चालवत नव्हतीस, हे खरं आहे का? ती म्हणाली, "येस, युवर ऑनर." पुन्हा पुन्हा ही सवलत मिळत नाही, असं बजावून त्यांनी तिला सोडलं. दंड भरायच्या खिडकीवर मी पर्स उघडली, तर ती म्हणाली, "आई, नको." तिने स्वतःच्या कार्डाने दंड भरला.

बाहेर येऊन तिने स्क्वॉडच्या मुख्य बाईंना मेसेज केला. दोन मिनिटांत उत्तर आलं की नवीन रेकॉर्ड हातात आलं की ट्रेनिंग सुरू. ती हसली, माझ्याकडे बघून नाही, फोनकडे बघून. मला तेवढंही पुष्कळ होतं.

घरी येताना तीच चालवत होती, लिमिटच्या आकड्याला अगदी चिकटून. मागची गाडी वैतागली होती. शेवटी मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी किती होता गं स्पीड?"

"बासष्ट. पंचेचाळीसच्या रोडवर."

"तिकिटावर किती होता?"

"बासष्ट." ती समोरच बघत होती. "क्लासला उशीर होत होता. मी खरंच फास्ट होते."

म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं की, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं, खोटं कशाला बोलू. तिला ते न बोलताच ऐकू गेलं असावं. पुढे सिग्नल लाल झाला. तिने गाडी थांबवली आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं.

"पण तुला ते माहीत नव्हतं ना, आई."

"नव्हतं," मी म्हणाले.