रिकामा रकाना

आमच्या लष्कर भागातल्या दवाखान्याचं जुनं सॉफ्टवेअर थाटीपूरच्या रुग्णालयाशी जोडायला एक तरुण तंत्रज्ञ यायचा. चहा समोर ठेवून विसरायचा, मग थंडच प्यायचा. मी नोंदणीला बसायचे; आमच्याकडे ‘अ‍ॅलर्जी’चा रकाना बहुतेकांचा रिकामाच. मी म्हटलं, "सगळीकडे ‘नाही’ भरून टाका, झंझट संपेल."

"ताई, कुणी विचारलंच नाहीये. ‘नाही’ कैसे लिख दूँ?"

अशा प्रत्येक नावापुढे त्यानं ‘विचारलेलं नाही’ असा, दोन्ही सॉफ्टवेअरना कळणारा, ठरलेला संकेत घातला. मला तो हट्टी वाटला.

परवा थाटीपूरला आईला इंजेक्शन देताना डॉक्टर स्क्रीन बघून थांबले. "अम्माजी, पेनिसिलिन चलता है?"

आई माझ्याकडे वळली. "अगं, त्याचीच तर रिअ‍ॅक्शन येऊन मी मरता मरता वाचले होते ना?"

तिचा रकाना मीच घाईत रिकामा सोडला होता.