माशाचं पाणी आणि आमचं

आमचे हे घड्याळजी. खाऱ्या पाण्याचा मासा पाळायचं खूळ यांच्या डोक्यात शिरलं. टाकीत मीठ आपण मोजून घालायचं, मूळ पाण्यात दुसरं काही नको, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून 'अतिशुद्ध' लिहिलेले पाण्याचे स्वस्तातले जार आणले. पंधरा दिवसांत टाकीच्या काचेवर शेंबडासारखा हिरवा थर चढला. शी! जेवताना समोर तेच. यांनी क्षार मोजायचं यंत्र आणून जारात बुडवलं. आकडा शून्य हवा होता, निघाला एकशे ऐंशी.

हे तणतणत दुकानात गेले, मागोमाग मीही. दुकानदार कान कोरत म्हणाला, "चवीसाठी घालतो आम्ही क्षार. चालतं हो, काय होतंय!"

"चालतं काय? जीव आहे तो!" हे कडाडले.

मग जुन्या बाजारातून गाळणयंत्र आलं आणि माशाला शून्याचं पाणी मिळू लागलं. आमच्या प्यायच्या पिंपात मात्र नळाचं तेच पिवळट, फडक्यानं गाळलेलं. काल मी त्यात ते क्षार मोजायचं यंत्र बुडवलं, तर आकडा नऊशे. तो यांच्या नाकासमोर धरला.

माशाला खाणं टाकताना मान वर न करता हे म्हणाले, "चालतं गं, काय होतंय!"