बनुआत्यानं केलेला सत्कार

माझी आत्या बनुबाई चिडली की भांडत नाही, गप्प बसते. भांडली असती तर आम्ही सगळेच स्वस्तात सुटलो असतो.

दिवाळी झाली की ती माण तालुक्यातून दिराच्या कळपासोबत आपली चाळीस मेंढरं घेऊन रहिमतपूरकडं उतरते. गेल्या साली तिथं मेंढरांना हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टर उत्कर्षा मॅडम आल्या, लेंड्या तपासायला नेल्या आणि बजावून गेल्या, "दोन दिवस थांबा. तोवर मोरचूद पाजू नका, मेंढीला त्यातलं तांबं सोसत नाही." पण मॅडमनी मेंढी धरताना हातमोजे घातले होते. आत्याच्या लेखी त्या तिथंच नापास झाल्या.

मी शिरवळच्या कंपनीतून सुट्टीवर आलो होतो. मोबाईल माझ्याकडं, म्हणजे अक्कलही माझ्याकडंच, असा माझा समज. मी तिला यूट्यूबवरच्या दिग्विजयदादाचा व्हिडिओ दाखवला. खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा, मांडीवर कोकरू. मोरचूद पाण्यात कालवा, उपाशीपोटी पाजा, तिसऱ्या दिवशी कळप उड्या मारेल, असं तो छातीठोक सांगत होता.

"आपल्यातला हाय रं," आत्या म्हणाली. आम्हा धनगरांत घोंगड्यावर बसून दिलेला शब्द कोणी मोडत नाही. घोंगडं घेऊन माणूस वाटेल ते बोलेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. सकाळी आम्ही दोघांनी मिळून औषध पाजलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत चाळिसातली एकतीस मेंढरं गेली. मी दिग्विजयला फोन केला. "तुमचंच प्रमाण चुकलं असेल," म्हणाला आणि माझा नंबर ब्लॉक करून टाकला. तो इस्लामपूरकडचा ऊसवाला, जन्मात मेंढरामागं चार पावलं चाललेला नाही, हे मागाहून कळलं. घोंगडं भाड्याचं आणि कोकरू शेजाऱ्याचं होतं.

मला त्याला घरात शिरून बडवायचं होतं. महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"मारून काय हुतंय?" आत्या म्हणाली. "सूज चार दिसांत उतरंल. ज्यांच्यापुढं त्याचं त्वांड चालतंय, त्यांच्यापुढंच ते बंद करायचं."

तिनं दिराच्या फोनवरून त्याला बोलावणं धाडलं. तुमच्या औषधाचा लय गुण आला, धनगरांना तुमचा सत्कार करायचा हाय. सत्काराला नाही म्हणणारा माणूस आमच्या दोन जिल्ह्यांत अजून जन्मायचाय. दिग्विजय जीपमधून घोंगडं घेऊनच उतरला. माझा चेहरा त्याला ठाऊक नव्हता. त्यानं आपला फोन माझ्याच हातात दिला, "लाइव्ह चालू आहे, नीट धर" म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

आत्यानं पाटीतून पिवळा हार काढून त्याच्या गळ्यात घातला. लांबून झेंडूचा वाटावा असा. ते मेंढरांच्या कानातले नंबराचे बिल्ले होते. मेलेल्या प्रत्येक मेंढराचा बिल्ला तिनं काढून ठेवला होता.

"वाच नंबर," ती म्हणाली. "तुझ्या औषधानं मेलीत ही."

त्यानं हार काढायला हात वर नेला. भोवती काठ्या टेकून उभे असलेले धनगर एक पाऊल पुढं सरकले. त्यानं हात खाली घेतला आणि वाचायला लागला. फोनवर तीन हजार लोक बघत होते. अकराव्या बिल्ल्याला त्याचा आवाज फाटला. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, "मीपण दुसऱ्याचाच व्हिडिओ बघून सांगितलं."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझा हात जराही हलला नाही. त्याचं रडवेलं तोंड मी पडदाभर मोठं करून दाखवलं. तेविसावा नंबर झाला आणि हार संपला. मेली एकतीस, मग हारात तेवीसच का, असा प्रश्न मला पडायला हवा होता.

आत्यानं पाटीतून दुसरा हार काढला आणि माझ्याकडं वळली.

"फोन त्याच्याकडं दे."

"आत्या, मी तर..."

"तू बी दुसऱ्याचाच बघून सांगितलंस. ही आठ तू सोता धरून पाजलीस. मला एकेक याद हाय."

दिग्विजयनं डोळे पुसले, फोन घेतला आणि माझ्यावर रोखला. मी मान वाकवली आणि पहिला नंबर वाचला.