आपांच्या सीटवर कुणीच बसत नव्हतं

आपा गेल्या हे मला शाळेच्या गेटसमोर कळलं. व्हॅनमधून पोरी उतरत होत्या, एकीची वॉटरबॅग सीटखाली अडकली होती, मी वाकून ती ओढत होते आणि फोन वाजला. आपांचा भाचा, इम्रानभाई. "खाला गुजर गयी... सकाळी नमाजाला उठल्याच नाहीत." मी "हं" म्हणाले. वॉटरबॅग पोरीच्या हातात दिली, व्हॅन कडेला घेतली, हँडब्रेक लावला, इंडिकेटर बंद केला. आणि मग रडले. ह्याच क्रमानं. आधी गाडी, मग बाकीचं सगळं, हे मला गाडी शिकवताना आपांनीच सांगितलेलं.

महिना होत आला. लिहायला बसले कारण डोक्यातला राग जाईना. त्या दिवशी आपांच्या घरी बायका बसल्या होत्या आणि जी ती एकच म्हणत होती, "बिचारी... ना मूल ना बाळ, उन्हातान्हात गाडी शिकवत फिरायची." बिचारी? आपा? अहो, नवरा गेला तेव्हा सासरचे त्याची टॅक्सी विकायला निघाले, तर सिल्लोडहून लग्न करून आलेल्या ह्या बाईनं गाडीची चावी ओढणीच्या टोकाला बांधली आणि तीन महिने सोडलीच नाही. झोपताना पण नाही! पहाटे मैदानावर जाऊन स्वतः गाडी शिकल्या. पुढं जुनी पांढरी गाडी घेतली, डावीकडं शिकवणाऱ्यासाठी जादाचे ब्रेक-क्लच बसवून घेतले आणि दारावर लाल अक्षरात लिहिलं, 'फक्त लेडीज'. ह्याला बिचारी म्हणायचं असेल तर मला पण बिचारी व्हायचंय.

मी त्यांच्याकडं गेले तेव्हा बी.कॉम. झालेलं होतं आणि तीन इंटरव्ह्यूत माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. फुटायचा तो एकच, सॉरी. गाडी बंद पडली की सॉरी, मागच्यानं हॉर्न दिला की सॉरी. काचा बंद आणि मी आतल्या आत रिक्षावाल्याला सॉरी म्हणतेय! आपांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उसकू सुनाई देता क्या? इंडिकेटर दे ना. माफी नको मागू बेटा, कुठं जायचंय ते सांग." बास. एवढंच. आजवर मला कुठल्या सरांनी, कुठल्या मॅडमनी एवढ्या कामाचं काही सांगितलं नव्हतं.

आणि लई मजा यायची हो त्यांच्यासोबत! गुलमंडीत ऐन गर्दीत माझी गाडी बंद पडली, तर एक बाप्या काचेत वाकून विचारतो, "घर में रोटी कौन बना रहा फिर?" आपांनी शांतपणे काच खाली केली. "तेरी अम्मी. जा, ठंडी हो रही." मला हसू आवरेना, गाडी आणखी दोनदा बंद पडली.

त्यांची एक पद्धत होती. पहिले सात-आठ दिवस त्यांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. मग एक दिवस न सांगता चपला काढायच्या, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर मांडी घालून बसायचं. माझा तो दिवस खुलताबादच्या घाटात उगवला. पुढं ट्रक थांबला, मागं बस, मधी मी. गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली... मी किंचाळले, "आपा, ब्रेक!" बघते तर बाई मांडी घालून समोर बघतायत. "तेरे पास बी है ना एक? तो दाब." दाबला. हँडब्रेक, स्टार्टर, हाफ क्लच... मागची बस कोकलत होती. "कोकलू दे. घाई त्याला आहे, तुला नाय." गाडी वर चढली! वर दर्ग्यापाशी चहा घेतला, माझा अर्धा चहा बशीत. आपा एकदम शांत. ओढणीखाली डाव्या हाताची बोटं तेवढी चोळत होत्या. मला वाटलं, वात असेल.

त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं, मी शाळेची व्हॅन चालवणार. पप्पा म्हणाले, "बी.कॉम. करून व्हॅन?" मी म्हणाले, "व्हय." सॉरी नाय म्हणाले.

तर आता आपा नाहीत आणि इम्रानभाईंनी गाडी विकायला काढली. आणि सुनंदाकाकूंचा फोन आला. काकू आपांच्या शेवटच्या विद्यार्थिनी, वय बावन्न, लायसनची टेस्ट तोंडावर. "पोरी, माझं अर्ध्यातच राह्यलं गं. आमचे हे म्हणतात, बरं झालं, आता गप घरी बस." बरं झालं म्हणे! मी तशीच उठून इम्रानभाईंकडं गेले. "काकूंच्या टेस्टपर्यंत चावी द्या. शेजारी पक्कं लायसनवालं माणूस लागतं, ते मी आहे."

"और कुछ हुआ तो?"

"इम्रानभाई, तुमच्या खालांनी चावी ओढणीला बांधली होती ना? ओढणी माझ्याकडं बी आहे."

ते हसले, डोळे पुसले आणि चावी दिली.

काकू स्टिअरिंगवर बसल्या आणि मी पहिल्यांदा आपांच्या सीटवर बसले. तिथं आम्ही कुणीच कधी बसलो नव्हतो, एक तर स्टिअरिंगवर, नाहीतर मागं. आणि बसल्या बसल्या माझा डावा हात सीटच्या दाराकडच्या कडेला गेला, शिकणारीला कधीच दिसत नाही त्या बाजूला. तिथं चार भोकं होती. रेक्झिन फाटून आतला फोम उकरलेला, खोल... माझी चार बोटं बरोब्बर आत बसली.

म्हणजे आपा घाबरायच्या! दर वेळी. माझ्या वेळीही. जीव मुठीत धरून... नाही, सीट मुठीत धरून बसायच्या आणि पाय मात्र खाली सोडायच्या नाहीत. मी इतके दिवस समजत होते की त्यांना भीतीच वाटत नाही, आणि म्हणून आपल्याला ते जमायचं नाही.

परवा काकूंना घाटात नेलं. तीच चढण. गाडी बंद पडली, मागं पिकअपवाला हॉर्नवर झोपलेला. काकूंचं सुरू झालं, "सॉरी, सॉरी... अगं पोरी, दाब की ब्रेक!"

माझा पाय ब्रेकवरच होता. मी चपला काढल्या. पाय वर घेतले, मांडी घातली.

"तुमच्याकडं बी आहे ना एक, काकू?"

गाडी वीतभर मागं सरकली... आणि थांबली. मी समोर बघत होते, अगदी शांत. दाराकडच्या कडेला मधल्या बोटाचं भोक तेवढं अजून जरा खोल गेलं.